फिल्टर कोणता? सर्वनामाशिवाय नामाला जोडलेल्या इंग्रजी वाक्याचं एक प्रकरण

पाणी शुद्ध करणाऱ्या एका यंत्राची इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत येत होती. अनुवाद करणाऱ्या बाई रसायनशास्त्राच्या पदवीधर. इंग्रजी वाचनाची सवय जुनी, यंत्रांचे शब्द पक्के, मराठी स्वच्छ. मसुदा बहुतेक ठिकाणी निर्दोष होता. तरीही तो तपासणाऱ्या तंत्रज्ञाने एका सूचनेभोवती खूण केली आणि समासात लिहिलं, "फिल्टर कोणता?" मी अनुवादकांना इंग्रजी व्याकरण शिकवतो, म्हणून बाई तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

मूळ सूचना अशी होती: "बिफोर यू क्लीन द टँक, रिमूव्ह द फिल्टर द पंप पुशेस वॉटर थ्रू लास्ट."

बाईंचा अनुवाद असा: "टाकी साफ करण्यापूर्वी फिल्टर काढा. पंप शेवटी पाणी आरपार ढकलतो."

यंत्रात तीन फिल्टर आहेत, एकामागोमाग एक. "द पंप पुशेस वॉटर थ्रू लास्ट" हा तुकडा त्या तिघांतला नेमका एक निवडून देतो: पंप सगळ्यांत शेवटी ज्या फिल्टरमधून पाणी ढकलतो, तो काढा. तुकड्याचं काम विशेषणाचं आहे. अनुवादात तो नामापासून सुटला, स्वतंत्र वाक्य झाला, आणि निवड नाहीशी झाली. पंप, पाणी, शेवटी, आरपार हे सगळे शब्द मराठीत आले होते, म्हणून वरवर वाचणाऱ्याला काही गळलंय असं वाटलं नसतं. मराठी सूचना वाचून काम करणारा माणूस मात्र हाताला येईल तो फिल्टर काढणार. तंत्रज्ञाचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता.

तपासणी

अशा वेळी पहिली शंका येते ती ही, की वाचणाऱ्याला नामाला जोडलेलं गौण वाक्यच ओळखता येत नाही. ती लगेच निकालात निघाली. त्याच सूचनेत "फिल्टर" नंतर "व्हिच" घालून मी वाक्य पुन्हा दिलं. बाईंनी न अडखळता "ज्या फिल्टरमधून" असं केलं. म्हणजे रचना ठाऊक होती. "व्हिच" दिसला की ती जागी होत होती.

तेवढ्यावरून "सर्वनाम (म्हणजे "हू", "व्हिच", "दॅट" असं संबंध जोडणारं सर्वनाम) नसलं की चुकतं" असं निदान करणं सोपं होतं, पण ते अपुरं पडलं असतं. पुढचं वाक्य दिलं: "द पार्ट्स यू रिमूव्ह्ड मस्ट बी ड्राइड." इथेही जोडणारं सर्वनाम नाही. बाईंनी सहज लिहिलं, "तुम्ही काढलेले भाग वाळवले पाहिजेत." मग "द ऑइल द मोटर यूझेस इज थिन." क्षणभर थांबून तेही बरोबर झालं: "मोटर वापरते ते तेल पातळ असतं." मग "कीप द बॉक्स द स्पेअर पार्ट्स केम इन." इथे पुन्हा वाक्य तुटलं: "डबा ठेवा. सुटे भाग आत आले." खरा अर्थ होता, सुटे भाग ज्या डब्यातून आले तो डबा जपून ठेवा.

ही चार वाक्यं शेजारी ठेवली की बाईंच्या चुकीचा आकार दिसतो. पहिल्या सोप्या वाक्यात नामानंतर "यू" आलं. "यू", "आय", "ही", "दे" असा शब्द नामानंतर लगेच आला तर तो आधीच्या नामाशी जोडून कसाच वाचता येत नाही. नवं वाक्य सुरू झालं हे तो उघड सांगतो. "द ऑइल द मोटर यूझेस" मध्ये ती खूण नाही, पण "यूझेस" ला कर्म हवं असतं. काय वापरते? कर्म पुढे कुठे सापडत नाही, म्हणून नजर मागे वळते आणि "ऑइल" उचलते. या दुसऱ्या खुणेने बाईंना वाचवलं.

चुकलेल्या दोन्ही वाक्यांत या दोन्ही खुणा नाहीत. नामानंतर पूर्ण नाम आहे, आणि क्रियापदाची भूक भागलेली दिसते. "पुशेस" ला "वॉटर" हे कर्म मिळालं आहे. "केम" ला कर्म लागतच नाही. रिकामी जागा आहे ती प्रीपोझिशनच्या नंतर: "थ्रू" कशातून, "इन" कशात. बाईंनी "थ्रू" ला "आरपार" आणि "इन" ला "आत" असं क्रियाविशेषण करून टाकलं. इंग्रजीत हे दोन्ही शब्द तसेही वापरतात, म्हणून वाचन भाषेच्या दृष्टीने अशक्य नव्हतं. पण एकदा "थ्रू" क्रियाविशेषण ठरला की रिकामी जागा बुजते, तुकडा पूर्ण वाक्यासारखा दिसतो, आणि मग त्याला नामाशी बांधणारं काहीच उरत नाही.

हे निदान बारीक वाटेल, पण उपाय त्यावरच ठरतो. बाईंना सगळ्या रिलेटिव्ह क्लॉजची, म्हणजे नामाला जोडलेल्या गौण वाक्यांची, उजळणी देणं म्हणजे जे येतं तेच पुन्हा शिकवणं झालं असतं. अडचण एका कोपऱ्यात होती: सर्वनाम नाही, कर्ता पूर्ण नाम, आणि रिकामी जागा प्रीपोझिशनपाशी.

हा कोपरा इंग्रजी वाचनात तुलनेने कमी भेटतो, हेही कारणांत धरलं पाहिजे. डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेलं इंग्रजीचं मोठं व्याकरण प्रत्यक्ष बोलण्या-लिहिण्याच्या प्रचंड संग्रहावर उभं आहे. त्यात हे स्पष्ट दिसतं की सर्वनामाशिवायची जोडणी गौण वाक्याचा कर्ता "आय", "यू", "दे" असा असताना जास्त होते, आणि कर्ता पूर्ण नाम असला की "दॅट" किंवा "व्हिच" येण्याकडे कल वाढतो. म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही या कोपऱ्यात खूण ठेवण्याला झुकतात. माहितीपुस्तिकेच्या लेखकाने ती ठेवली नव्हती.

"गाळलेलं" सर्वनाम

बाईंना शाळेपासून एक नियम पाठ होता: "हू, व्हिच, दॅट गाळले तरी चालतात." बहुतेकांना तो असाच शिकवला जातो. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथे आहे, आणि तो नियम वाचन आणि लेखन दोन्ही बिघडवतो.

वाचनात तो कुचकामी ठरतो, कारण तो न दिसणाऱ्या शब्दाबद्दल बोलतो. काहीतरी गाळलंय हे आधी कळलं तर ते परत कुठे घालायचं हे सुचेल. पण गाळलंय हे कशावरून ओळखायचं, याबद्दल नियम गप्प आहे. लेखनात तो घातक ठरतो. बाईंनी त्याच आठवड्यात कंपनीला लिहिलेल्या पत्रात हे वाक्य होतं: "द इंजिनिअर व्हिजिटेड द प्लांट हॅज सेंट अ रिपोर्ट." त्यांना म्हणायचं होतं, प्लांटला भेट दिलेल्या इंजिनिअरने अहवाल पाठवला आहे. "हू" गाळला तर चालतो असं शिकवलंय, म्हणून गाळला. इथे तो चालत नाही. "द इंजिनिअर व्हिजिटेड द प्लांट" हे स्वतःच पूर्ण वाक्य होतं आणि वाचणारा ते संपलं असं समजतो. "हॅज सेंट" आल्यावर त्याला ठेच लागते.

ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने इंग्रजीच्या ऐतिहासिक व्याकरणाच्या १९२७ साली निघालेल्या भागात या रचनेला "कॉन्टॅक्ट क्लॉज" म्हटलं, म्हणजे नामाला थेट भिडलेलं वाक्य. यात सर्वनाम गाळलेलं आहे असं मानण्याला त्याचा विरोध होता. रचना जशी आहे तशीच पूर्ण आहे, गौण वाक्याचा नामाशी असलेला निकट संबंध हाच तिचा जोड आहे, असं त्याचं म्हणणं. त्यानंतरच्या शतकात व्याकरणाच्या अनेक घराण्यांनी या रचनेचं वेगवेगळं विश्लेषण केलं आहे आणि काहींनी न उच्चारलेला जोडशब्द मानलाही आहे. शिकवण्याच्या कामासाठी मात्र मला येस्पर्सनची बाजू जास्त उपयोगी वाटते. ती शिकणाऱ्याचं लक्ष जे पानावर आहे त्याकडे नेते: नाम, त्याला चिकटून दुसरा कर्ता, आणि पुढे कुठेतरी एक रिकामी जागा.

इतिहासही तिकडेच बोट दाखवतो. जुन्या इंग्रजीत नामाला वाक्य जोडायला न बदलणारा एक छोटा शब्द वापरत, शिवाय दर्शक सर्वनामं. "व्हिच" आणि "हू" हे मुळात प्रश्न विचारायचे शब्द. संबंध जोडायचं काम त्यांच्याकडे मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात हळूहळू आलं. बोलीत रुळलेली बिनसर्वनामी जोडणी ही नीटनेटक्या "व्हिच" वाक्यातून कुणीतरी शब्द पुसून तयार झालेली नाही. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी लॅटिनच्या मापाने इंग्रजी मोजायला घेतली, तेव्हा हा "अभाव" त्यांना खटकू लागला. रॉबर्ट लाउथ याच्या १७६२ सालच्या व्याकरणात ही रचना "सर्वनाम अध्याहृत" अशा रूपात नोंदली आहे. आपल्या शाळांत आलेला "गाळणं" हा शब्द त्याच परंपरेतला.

कर्त्याच्या जागी का चालत नाही

बाईंनी रास्त प्रश्न विचारला. "द रिपोर्ट सेंट येस्टरडे" बरोबर असेल तर "द इंजिनिअर व्हिजिटेड द प्लांट" का नाही? दोन्हींत नामानंतर क्रियापद आहे.

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. "सेंट" हे तिथे काळ दाखवणारं क्रियापद नाही, ते धातुसाधित विशेषण आहे, "पाठवलेला" या अर्थाचं. अहवाल स्वतः काही पाठवत नाही, तो पाठवला गेला आहे. "व्हिजिटेड" तसं वाचायचं तर इंजिनिअरला कुणीतरी भेट दिली असा अर्थ होईल, आणि मग मागचा "द प्लांट" लटकत राहील. "द इंजिनिअर व्हिजिटिंग द प्लांट" चालेल, कारण "व्हिजिटिंग" पुन्हा विशेषणाचं रूप आहे. इंग्रजीत बऱ्याच क्रियापदांची भूतकाळाची आणि धातुसाधिताची रूपं सारखी असतात, म्हणून हा घोटाळा जन्मतःच इंग्रजी बोलणाऱ्यांनाही पाडतो. थॉमस बीव्हर यांचं १९७० सालचं "द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल" हे वाक्य याच कारणाने भाषा-मानसशास्त्राच्या प्रत्येक वर्गात पोचलं आहे. अर्थ असा, की कोठाराजवळून पळवला गेलेला घोडा पडला. व्याकरणाने ते शुद्ध आहे आणि पहिल्या वाचनात जवळजवळ कुणालाच लागत नाही.

आजच्या प्रमाण इंग्रजीत सर्वनामाशिवाय जोडलेल्या वाक्याची रिकामी जागा त्या वाक्याच्या कर्त्याची असू शकत नाही. बोलण्यात "देअर इज अ मॅन अ‍ॅट द डोअर वॉन्ट्स टु सी यू" असं ऐकू येतं, आणि सोळाव्या-सतराव्या शतकातल्या नाटकांत असे प्रयोग पुष्कळ आहेत, पण अनुवादकाने लिहिताना त्यांचा आधार घेऊ नये. डॅनिशमध्येही अशी बिनजोडशब्दाची वाक्यं आहेत आणि तिथेही कर्त्याबाबत असंच बंधन आहे. फ्रेंच आणि जर्मन मात्र अशा ठिकाणी जोडशब्द मागतातच, कर्ता असो वा कर्म.

मी बाईंना नियम असा दिला: नामाला लागून लगेच काळाचं क्रियापद येऊ देऊ नका, आधी नवा कर्ता आला पाहिजे. हा नियम "कर्ता गाळायचा नाही" यापेक्षा मला जास्त नेमका वाटतो, आणि त्याचं कारण पुस्तिकेतच सापडलं. पुढच्या पानावर वाक्य होतं: "रिप्लेस द पार्ट यू थिंक कॉझ्ड द लीक." गळती कुणी केली? भागाने. म्हणजे रिकामी जागा "कॉझ्ड" च्या कर्त्याचीच आहे, तरी वाक्य पूर्ण शुद्ध. कारण "पार्ट" ला लागून "यू" आला आहे. सीमारेषा स्पष्ट आहे. कर्त्याची जागा एक पायरी खाली, "थिंक" च्या आत आहे. इतकंच काय, "यू थिंक दॅट कॉझ्ड" असं "दॅट" तिथे घातलं तर वाक्य बिघडतं. "गाळलेलं परत घाला" या शाळकरी सवयीने चाललेला विद्यार्थी नेमका तिथेच "दॅट" घालतो.

दुरुस्ती

उपाय म्हणून मी बाईंना एक कृती दिली, आणि ती फक्त अडलेल्या कोपऱ्यासाठी होती. दोन नामगट शेजारी आले, मध्ये स्वल्पविराम नाही, "अँड" नाही, तर थांबायचं. दुसऱ्या नामगटाला स्वतःचं "द", "अ", "माय" असं काही असेल तर तो पहिल्याशी जोडनाम होऊ शकत नाही; "फिल्टर पंप" हे एक नाम आहे, "द फिल्टर द पंप" मध्ये दोन आहेत. मग दुसऱ्या नामाचं क्रियापद शोधायचं आणि पहिलं नाम त्याच्या नंतरच्या मोकळ्या जागी बसवून पाहायचं, आधी कर्माच्या जागी आणि तिथे बसलं नाही तर शेवटच्या प्रीपोझिशनच्या नंतर. "द पंप पुशेस वॉटर थ्रू द फिल्टर लास्ट." वाक्य सरळ उभं राहिलं तर जोडणी पक्की.

"द स्पेअर पार्ट्स केम इन द बॉक्स" असं डोळ्यांसमोर आल्यावर बाईंनी पुढची वाक्यं स्वतःच उलगडली. माझ्या अनुभवात ही कृती पटकन अंगवळणी पडते, कारण तिच्यात संज्ञा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

एक ठिकाण मात्र तिला अपुरं पडतं. "द डे द मशीन अराइव्ह्ज", "द वे द व्हॉल्व्ह ओपन्स", "द रीझन द लाइट ब्लिंक्स". इथे शेवटी प्रीपोझिशन लटकत नाही. रिकामी जागा ज्या दिवशी, ज्या रीतीने, ज्या कारणाने अशी असते आणि ती पानावर कुठेच दिसत नाही. सुदैवाने अशी नामं मोजकीच आहेत: वेळ, दिवस, रीत, कारण आणि काही प्रमाणात जागा. ती ओळखून ठेवणंच बरं.

आता मराठीची बाजू. बिनसर्वनामी जोडणी आपल्याला परकी नाही. "मी वाचलेलं पुस्तक" यात जो-जी-जे नाही. गौण वाक्य धातुसाधित होऊन नामाच्या डावीकडे बसलं आहे. "मोटर वापरते ते तेल" यात "जे" नाही, नुसता "ते" आहे. म्हणून कर्माची रिकामी जागा असलेली इंग्रजी वाक्यं बाईंच्या हातून मराठीत अलगद उतरली होती. प्रीपोझिशनपाशी मात्र ही सोय संपते. "पंपाने पाणी ढकललेला फिल्टर" म्हटलं तर फिल्टरमधून पाणी ढकललं की पाण्याने फिल्टर ढकलला, हेच कळत नाही. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाशिवाय मोकळं राहू शकत नाही. त्याला चिकटायला "ज्या" लागतो. इंग्रजी वाक्याने वाऱ्यावर सोडलेल्या "थ्रू" ला मराठीत "ज्यातून" असं घर द्यावं लागतं. बाईंची चूक नेमकी या रेषेवर का सुरू झाली, त्याचं मला पटणारं उत्तर हेच आहे: इंग्रजी रचना जिथपर्यंत मराठीच्या सवयीला समांतर होती तिथपर्यंत वाचन चाललं, आणि समांतरता संपली तिथे वाक्य तुटलं.

औपचारिक इंग्रजी याच जागी दुसरी वाट देते: "द फिल्टर थ्रू व्हिच द पंप पुशेस वॉटर." प्रीपोझिशन पुढे नेली की "व्हिच" सक्तीचा होतो. "थ्रू दॅट" अशुद्ध, आणि नुसतं "द फिल्टर थ्रू द पंप" म्हणजे भलतंच. बाईंना इंग्रजी पत्रं लिहिताना मी हीच रचना सुचवली, कारण वाचणाऱ्याला ती कुठेच फसवत नाही.

आणखी एक गोष्ट अनुवादकाच्या कामाची, जी व्याकरणाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. सर्वनामाशिवाय जोडलेलं वाक्य नेहमी नामाची ओळख पटवतं; जाता जाता दिलेली जादा माहिती ते कधीच नसतं. जादा माहितीला इंग्रजीत स्वल्पविराम लागतो आणि सर्वनामही लागतंच. म्हणून अशी जोडणी दिसली की मराठीत "ज्या... तो" किंवा "-लेला" अशी निवड करणारी रचनाच आली पाहिजे. "फिल्टर काढा, त्यातून पंप पाणी ढकलतो" हा मधला तोडगा बाईंनी एकदा सुचवला होता. तो वाचायला सोपा आहे, पण तीनपैकी कोणता, हे तो सांगत नाही.

मूळ लेखकाकडेही काही सूचना गेल्या. पुस्तिकेत "द ऑइल मशीन्स यूझ मस्ट बी चेंज्ड" असं एक वाक्य होतं. इथे दुसऱ्या नामाला "द" नाही, म्हणून "ऑइल मशीन्स" हे तेलाच्या यंत्रांचं जोडनाम वाटतं आणि "यूझ" पाशी वाचक अडतो. "दॅट" घातला की प्रश्न मिटतो. दुसरं याहून अवघड होतं: "द सील द सप्लायर द मॅन्युफॅक्चरर चोझ सेंट वॉज फॉल्टी." तीन नामं ओळीने, मग तीन क्रियापदं. उत्पादकाने निवडलेल्या पुरवठादाराने पाठवलेलं सील सदोष होतं. आतून बाहेर जोड्या लावाव्या लागतात: शेवटचं नाम पहिल्या क्रियापदाशी, मधलं मधल्याशी, पहिलं शेवटच्याशी. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९६३ साली अशा एकात एक बसवलेल्या वाक्यांबद्दल लिहिलं की व्याकरण ती मान्य करतं, पण माणसाची स्मृती ती पेलत नाही. मराठीत तेच वाक्य "-लेल्या" च्या साखळीने सरळ वाहतं, कारण तिथे प्रत्येक क्रियापद आपल्या कर्त्यानंतर लगेच येऊन मोकळं होतं. हे वाक्य बाईंनी मूळापेक्षा चांगलं केलं असं मी नि:संकोच म्हणेन.

उरलेलं एक वाक्य

फिल्टरची सूचना शेवटी अशी गेली: "टाकी साफ करण्यापूर्वी, पंप ज्या फिल्टरमधून सगळ्यांत शेवटी पाणी ढकलतो तो फिल्टर काढा." तंत्रज्ञाने ती मान्य केली.

एक वाक्य मात्र कोणत्याही कृतीने सुटेना: "चेक द व्हॉल्व्ह ऑन द पाइप द टेक्निशियन रिप्लेस्ड." रिकामी जागा "रिप्लेस्ड" च्या नंतर आहे यात शंका नाही. पण तिथे काय बसवायचं, झडप की नळी? व्याकरण दोन्हींना परवानगी देतं. गौण वाक्य जवळच्या नामाला भिडतं हा कल नळीच्या बाजूने आहे, पण "व्हॉल्व्ह ऑन द पाइप" हा सगळा एक नामगट धरला तर झडपही बसते. "व्हिच" घालूनही हा पेच सुटत नाही, म्हणून दोष बिनसर्वनामी रचनेचा नाही. मराठीत मात्र टाळाटाळ करता येत नाही. "तंत्रज्ञाने बदललेल्या नळीवरची झडप" किंवा "नळीवरची, तंत्रज्ञाने बदललेली झडप", दोनपैकी एक लिहावंच लागतं.

बाईंनी अंदाज न बांधता दोन्ही मराठी वाक्यं आणि त्यांचा अर्थ मूळ लेखकाला कळवला. उत्तर आलं: नळी बदलली होती, झडप जुनीच होती, आणि जुनी झडप नव्या नळीवर घट्ट बसते का हेच तपासायचं होतं. इंग्रजी पुस्तिकेतही ते वाक्य बदललं गेलं: "चेक द ओल्ड व्हॉल्व्ह ऑन द न्यू पाइप."